पाचव्या दिवसाचं न्हाणं

तू गेलीस हे मला खिडकीतून कळलं. माझ्या तोंडात घास होता. दत्ता खिडकीपासून दहा हात लांब उभा राहिला, तोंडाला टॉवेल बांधलेला, आणि म्हणाला, "माय, काकू गेली. पहाटं गेली म्हणं. आत्ता फोन आलता."

मी घास गिळला. ताटलीत अर्धी भाकरी उरली होती, तीही खाल्ली. दत्ता बघत राहिला. त्याला वाटलं असेल, म्हातारीला कळलंच नाही. कळलं होतं. पण त्याच सकाळी, सोळा दिवसांनी पहिल्यांदा, मला भाकरीची चव लागली होती आणि हात थांबत नव्हता. लाज वाटली. तरी खाल्ली.

"घरी कवा आणतेत?" मी विचारलं.

"आणू देत न्हाईत, माय. तिकडंच करतेत. मी जातो, लांबून दिसलं तर बघतो."

"तिचं हिरवं लुगडं तरी घेऊन जा."

"घालू देत न्हाईत."

मी खिडकी लावून घेतली. माझे सतरा दिवस भरायला एक दिवस बाकी होता. आपल्याकडं माणूस गेलं की बायका येतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, मग रडणं फुटतं. एकटीला नीट रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून तुझ्यासाठी रडल्या. मी आतून एकेकीचा आवाज ओळखत बसले. तुझ्यासाठी कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही.

आता सगळे म्हणतात, गयाबाई लई गुणाची होती. नव्हतीस. तू खवचट होतीस. तुझी भाकरी जाड असायची आणि सांगितलं की तू ती आणखी जाड करायचीस. आपलं भांडण झालं की तू माझ्याशी बोलायची नाहीस, शेळीशी बोलायचीस. "शेळे, तुझ्या मालकिणीला सांग, च्या झालाय. प्यायचा असंल तर पी म्हणावं, न्हाईतर सांडून देते." मीही कमी नव्हते. मी शेळीलाच म्हणायचे, "तिला सांग, साखर घातली असंल तर पिते." असे दोन-दोन आठवडे जायचे. ती शेळी आपल्यामुळं शहाणी झाली.

तू या घरात आलीस तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि मी चोवीसची. सासू आधीच गेली होती. म्हणून थोरली जाऊ ती मीच आणि सासूही मीच. चूल कशी सारवायची, ज्वारी कशी निवडायची, सणाला काय करायचं, आजारात काय पाळायचं, सगळं मी शिकवलं. तू मला अक्का म्हणायचीस आणि शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालीस. चिडलीस तरी 'तुमी'च. मी चौथी शिकले, तू शाळेची पायरी चढली नव्हतीस. म्हणून कागद आला की मी वाचणार आणि मी सांगेन ते तू ऐकणार, अशी रीत पडली. ही रीत चांगली नव्हती. पण मला ती बरी वाटायची.

आपले दोघींचे नवरे गेले. तुझी मीरा सिरसाळ्याला नांदायला गेली. दत्ता आणि शोभा दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे, ते चैत्रात यायचे. यंदा आले ते तू जायच्या आदल्या रात्री. निम्मं गाव जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुत्री. पाच-सहा महिने घरात तू आणि मी. भांडायचं तरी एकमेकींशी आणि बोलायचं तरी एकमेकींशी. दुसरं होतं कोण?

मी तेलगावच्या बाजाराला गेले होते. तू जाऊ नका म्हणालीस. मला मिरच्या आणायच्या होत्या. मिरच्या आणल्या, तिसऱ्या दिवशी ताप आला. सविता, आपल्या गावची आशा वर्कर, मला दवाखान्यात घेऊन गेली, नाकात काडी घातली आणि दुसऱ्या दिवशी दारातून लांबूनच ओरडली, "मावशी, निघाला की हो तुमाला!" सगळ्या गल्लीनं ऐकलं.

मग तिनं मागची खोली ठरवली. जिथं आपण कापूस भरतो, ती. कापूस विकलेला होता, खोली रिकामी होती. अंगणाकडं एक गजांची खिडकी, कोपऱ्यात मोरी, दाराला आतून कडी. सविता म्हणाली, "मावशी आत, काकू भाईर. सतरा दिवस. ताट खिडकीत ठिवायचं आन् मागं सरायचं. कडी आतून लावलेली. काकू, तुमी आत जायाचं न्हाई. कायबी झालं तरी."

तू कमरेवर हात ठेवून ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजी बाया आल्यासारखंच की."

"काय?"

"गोवर, कांजण्या. घरात बाया आल्या की हेच करतेत. माणूस आत ठिवायचा, दाराला लिंबाचा पाला, घरात फोडणी न्हाई, परक्याला आत घ्यायचं न्हाई."

"काकू, ही देवी न्हाई. कोरोना हाय."

"नाव कायबी ठिव. आमी हे पन्नास वर्सं करतोय. तू काल शिकून आलीस."

सविता हसली. पोरगी चांगली आहे. तिला वाटलं, म्हातारी काय का समजेना, दार लावते ना, झालं. मलाही तसंच वाटलं. तू दाराला लिंबाच्या डहाळ्या बांधल्यास. फोडणी बंद केलीस. नुसतं मिठाचं वरण, नुसती भाकरी, दहीभात. मला तशीही चव कळत नव्हती, म्हणून भांडले नाही. तू स्वतःही तेच खाल्लंस. कोणी सांगितलं होतं?

दुपारी तू खिडकीबाहेर पोतं टाकून बसायचीस. तोंडावर पदर, त्यावर सवितानं दिलेलं फडकं, ते नेहमी हनुवटीवर. कोण आजारी पडलं, कोणाला तालुक्याला नेलं, कोण परत आलं नाही, हे तू मला सांगायचीस. मी म्हणायचे, "वाईट वाईटच सांगायलीस, चांगलं सांग." तू थोडा विचार करायचीस. "चांगलं काय सांगू? शेळी खाती."

तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आपलं काही खरं नाही. अंगात हाडं राहिली नव्हती. तू खिडकीत तोंड घालून नुसती बघत होतीस. मी म्हणाले, "काय बघायलीस? मेले न्हाई अजून." तू म्हणालीस, "तेच बघायले." चौथ्या दिवशीही ताप होता. त्या दिवशी तू पोत्यावर बसली नाहीस. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घातल्यास. मला कळत होतं, तू कशाचे दिवस मोजतेस.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. ऊन अंगणात आलं नव्हतं तोच दारावर थाप पडली.

"अक्का, उघडा. न्हाणं आणलंय."

"येडी का काय तू? सतरा दिवस सांगितलेत."

"ते सरकारचे. घरचे पाच. पाचव्या दिवशी न्हाऊ घालायचं, लिंबाच्या पाण्यानं. मग फिटलं. तुमीच शिकवलंय."

"हे ते न्हाई, गया."

"ताप गेला का न्हाई?"

"गेलाय."

"मग? कोणत्या दिवशी गेला? पाचव्या. ज्याला बाया सोडतेत त्याला पाचव्या दिवशीच सोडतेत. आन् मला काय हुतंय? माझ्या अंगावर ल्हानपणीच निघाल्यात. एकदा निघाल्या की परत येत न्हाईत."

हेही मीच शिकवलेलं. घरात बाया आल्या की जिच्या अंगावर आधी निघून गेल्या असतील तिनंच आत जायचं, तिनंच करायचं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, तुझ्या निघाल्यात का गं. तू म्हणाली होतीस, निघाल्यात. मग मी म्हणाले होते, बरं झालं, तू उपयोगाची.

मी कडीला हात लावला नाही. म्हणाले, "पाणी तिथंच ठिव. मी घेते माझं माझं."

मग तुझा आवाज बदलला. दाराला अगदी तोंड लावून तू म्हणालीस, "पाचवा दिस गाठला की हो, अक्का. तुमी गाठला."

मी कडी काढली.

किसनचं इथं लिहिलं पाहिजे. आपण दोघींनी त्याचं नाव चाळीस वर्षांच्या वर तोंडातून काढलं नव्हतं. तुझं पहिलं लेकरू, दोन वर्षांचं. माझा दत्ता तेव्हा पाळण्यात होता. किसनच्या अंगावर गोवर निघाला आणि दुसऱ्या दिवशी मावळला. आत गेला, म्हणतात आपल्यात. त्याला धाप लागली. छातीच्या फासळ्या आत जायच्या. तू माझ्या पाया पडलीस, डॉक्टराकडं नेऊ द्या म्हणून. तुझा नवरा बैल जुंपायला निघाला होता. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, घरात देवी असताना लेकरू उंबऱ्याच्या बाहेर काढायचं नाही. सुई तर मुळीच टोचायची नाही. पाचवा दिवस गाठू दे, न्हाऊ घालू, मग बरं होतंय. माझ्या सासूनं मला असंच सांगितलं होतं. तुम्हा दोघांपुढं मी थोरली होते, म्हणून माझं चाललं. किसन चौथ्या दिवशी गेला. पाचव्या दिवसासाठी तू लिंबाचा पाला आणून ठेवला होतास. तो चुलीजवळ तसाच वाळला. तू तो काढला नाहीस, मीही काढला नाही. मीरा पोटात राहिली तेव्हा कधीतरी कोणीतरी काढला.

आता कोणी विचारेल, एवढं कळत होतं तर मग कडी कशाला काढली. तर म्हणून काढली. आणि दुसरंही आहे. पाच दिवस माझ्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. डोकं खाजत होतं. मला तू आत यायला हवी होतीस. निम्मं किसनसाठी आणि निम्मं माझ्या सुखासाठी. निम्मं-निम्मं तरी होतं का, तेही मला सांगता येत नाही.

तू मला मोरीत पाटावर बसवलंस. हिरवंगार पाणी. पाठ घासलीस, इतकी जोरात की मी ओरडले. तू म्हणालीस, "बोंबला, बोंबला, म्हंजी जीव हाय." तोंडावरचं फडकं भिजलं म्हणून काढून खुंटीला अडकवलंस. डोक्यावरून पाणी ओतताना मला खोकला आला तेव्हा तू मला छातीशी धरून पाठ चोळलीस. मग ऊन येतं तिथं दारात बसवून वेणी घातलीस. "केस किती ऱ्हायलेत, मोजून सांगू का?" म्हणालीस. "आपल्या शेळीला जास्त हायेत." मी हसले. तूही हसलीस. तासभर आपण तशाच बसलो. त्या दिवशी तू दाराच्या डहाळ्या काढून टाकल्यास आणि संध्याकाळी वरणाला फोडणी दिलीस. मला तिचा वास आला नाही, नुसता तडतडल्याचा आवाज आला. तुझ्या हिशेबानं माझं दुखणं संपलं होतं.

आठव्या दिवशी तुला ताप आला.

सविता आली, तिनं तुझ्याकडं बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं. "दार कुणी उघडलं?"

मग तू म्हणालीस, "वाऱ्यानं."

"आतून कडी हाय, काकू. वाऱ्याला हात हायेत का?"

"औंदाच्या वाऱ्याचं काय सांगावं."

सवितानं कपाळावर हात मारून घेतला. तिनं मला काही म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं. तुझीही काडी झाली, निघालं. मग ती म्हणाली, "आता राखायचं काय ऱ्हायलंय? दोघी एकाच खोलीत ऱ्हावा. एकमेकीला पानी तरी द्याल." जेवण तिच्या घरून येऊ लागलं. ती खिडकीत ठेवायची आणि मागं सरायची. तूच सांग, अशी पोरगी कुठं मिळते?

एका खोलीत आपण नवरे असताना आणि नवरे गेल्यावरही कधी झोपलो नव्हतो. तू बाजेवर, मी खाली. माझा खोकला कमी होत गेला, तुझा वाढत गेला. मला रोज थोडं उठता येऊ लागलं, तुला रोज थोडं कमी. कोणीतरी तुझ्यातलं काढून माझ्यात ओतत होतं असं वाटायचं. मी तुला पाणी पाजायचे, तुझे पाय चेपायचे. तू म्हणायचीस, "थोरल्या जावेनं पाय चेपायचे, लोक काय म्हणतील?" मी म्हणायचे, "लोकांना खिडकीतून दिसत न्हाई."

त्या खोलीत मी दोनदा सुरुवात केली. म्हणाले, "गया." तू म्हणालीस, "हं?" मी म्हणाले, "काय न्हाई. पानी देऊ?" दोन्ही वेळा तू पाणी प्यालीस. तहान नव्हती, तरी प्यालीस. तुला कळलं होतं असं मला वाटतं.

बाराव्या दिवशी तूच बोललीस. भिंतीकडं तोंड होतं. बोलताना मध्ये दम घ्यावा लागत होता. "अक्का. किसनची धाप. अशीच व्हती का?"

मी म्हणाले, "न्हाई. त्याची येगळी."

खोटं. अगदी अशीच होती.

सविता रोज सकाळी बोटाला लावायचं ते यंत्र आणायची. चिमट्यासारखं. गजांमधून आत द्यायची, आपण आत बोट घालायचं आणि आकडा तिला सांगायचा, किंवा हात गजांबाहेर काढून दाखवायचा. तिनं सांगून ठेवलं होतं, नव्वदच्या खाली आला की गाडी बोलवायची. त्या दिवशी माझा पंच्याण्णव होता. तुझ्या बोटाला लावलं तर सत्त्याऐंशी. तू आकडे ओळखायचीस, एसटीच्या पाट्यांवरून शिकली होतीस. तू माझा हात धरलास. हळू म्हणालीस, "तुमचं बोट लावा परत. माझं म्हणून."

"गया, आगं—"

"मला न्हाई जायाचं तिकडं. गेलेलं कोणी आलंय का? बांधून देतेत, तोंड दिसत न्हाई. हितं तुमी हायेत."

सविता बाहेर वहीत बघत होती. मी माझं बोट लावलं, हात गजांबाहेर काढला. ती म्हणाली, "काकूचा बी पंच्याण्णव? बेस हाय की." तिनं लिहून घेतलं आणि गेली.

तो एक दिवस. तो मी दिला. तुला दिला की तुझा घेतला, हे डॉक्टरला विचारायची माझी हिंमत नाही.

त्या दिवसभर मी तुझ्या फासळ्यांकडं बघत बसले. तेराव्या दिवशी सकाळी तू परत हात धरलास. माझं बोट तुझ्या मुठीत होतं. मी ते सोडवून घेतलं. तुझं बोट यंत्रात घातलं आणि मोठ्यानं हाक मारली, "सविता, काकूचा ब्याऐंशी. काल मी खोटं दाखवलं. गाडी बोलव."

तू माझ्याकडं बघितलंस. मी नजर खाली घातली नाही. एवढंच मी केलं.

गाडी तासाभरात आली. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं होती, त्यांचे डोळे पण दिसत नव्हते. एकजण म्हणाला, "आजी, चालता येतंय का?" तू म्हणालीस, "येतंय." बाजेवरून उठलीस, भिंत धरलीस, उंबऱ्याशी थांबलीस. मला वाटलं, दम खायला थांबलीस. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "तवा लेकराला जाऊ दिलं न्हाईत. आता मला ऱ्हाऊ देत न्हाईत."

आणि गेलीस.

चाळीस वर्षं तू हे आत ठेवलं होतंस आणि मला उत्तर द्यायला तू उंबऱ्यापासून गाडीपर्यंतचा वेळ दिलास. मी दिलं नाही. काय देणार होते? मला बाहेर यायची बंदी होती. पण बंदी नसती तरी दिलं नसतं.

पंधराव्या दिवशी सवितानं तिचा फोन खिडकीत धरला. तिकडून कोण्या सिस्टरनं तुझ्या कानाला लावला होता. मी म्हणाले, "गया, मी बोलते." बराच वेळ नुसती हवेची फुसफुस ऐकू आली. मग तुझा आवाज, लांबून, तोंडावर काहीतरी ठेवल्यासारखा. "शेळीला. पानी पाजा म्हणावं."

सवितानं कावरीबावरी होऊन विचारलं, "भ्रमिष्ट बोलायल्या का काय काकू?" मी म्हणाले, "न्हाई. आमचं तसंच हाय." तो तुझा राग होता की राग संपल्याची खूण, हे मला अजून ठरवता येत नाही. भांडणात तू शेळीशी बोलायचीस हे खरं. पण बोलायचीस. खरंच रागावलीस तेव्हा तू शेळीशीही बोलत नव्हतीस. किसन गेल्यावर सहा महिने तू कोणाशीच बोलली नव्हतीस.

मीरा आठ दिवसांनी आली. रस्ते बंद होते, नाहीतर पायी आली असती. तिनं मला विचारलं, "मोठी माय, आई शेवटी काय म्हणली?" शोभा माझ्याकडं बघायला लागली, की म्हातारी आता काहीतरी गोड सांगेल. 'आई तुझं नाव घेत होती, देवाचं नाव घेत होती', असं. मी सगळं सांगितलं. कडी, न्हाणं, बोट, उंबऱ्यावरचं बोलणं. मीरा उठून अंगणात गेली. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "एक दिवस आधी नेली असती तर?"

"मला ठावूक न्हाई."

"आन् न्हेलीच नसती तर तुमच्याजवळ तरी गेली असती."

"व्हय. माझ्याजवळ गेली असती."

संध्याकाळी तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. जाताना पाया पडली नाही. तिचं बरोबर आहे. पाया पडण्यासारखं माझ्याकडून काही झालेलं नाही.

तुला जाऊन आज महिना होतो आहे. उंबऱ्यावर तू जे म्हणालीस त्याचा मी रोज विचार करते. दोन्ही वेळा दारात मी होते. एकदा दार अडवलं, एकदा उघडून दिलं, आणि दोन्ही वेळा माणूस तुझंच गेलं. किसनच्या वेळी मी चुकले. हे तुला मी कधी म्हणाले नाही, आता म्हणते. अज्ञान होतं, सगळे तेच करायचे, असं लोक म्हणतील. पण तुला कळत होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या, शाळेत न गेलेल्या पोरीला कळत होतं की लेकराला डॉक्टर पाहिजे. तू माझ्यापेक्षा शहाणी होतीस आणि मी थोरली होते. तुझ्या वेळी मी तुला पाठवलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. फक्त वाटतं. खात्री मागू नकोस.

आणि एक सांगायचं राहिलं. तू मला न्हाऊ घालायला यायला नको होतंस. पण आलीस. पाचव्या दिवशी तू माझी पाठ घासलीस तेव्हा, चाळीस वर्षं तुझा राग ज्या बाईवर असायला पाहिजे होता, तिला तू छातीशी धरलं होतंस. मला वाटतं, माझा पाचवा दिवस यावा असं तुला खरंच वाटत होतं. मी तुझ्या जागी असते तर मला वाटलं असतं का? मला माहीत नाही. बहुतेक नसतं वाटलं.

सतराव्या दिवशी सवितानं सांगितलं, मावशी, या भाईर. मी आले. अंगणात ऊन होतं. शोभानं खुर्ची टाकली. मी बसले नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि मग शेळी सोडली.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेले, रोज बीपीची गोळी. तू त्रेसष्टची होतीस, दोन हंडे घेऊन चढ चढायचीस, वर शिव्याही द्यायचीस. दुखणं घरात मी आणलं. गावात कोणालाही विचारलं असतं, दोघींतली कोण राहील, तर तुझं नाव घेतलं असतं. त्या खोलीत पाच दिवस आपण दोघी होतो. तू मेलीस, गया. मी जगले.